रिकाम्या पाळण्याचं वजन

हसायचं असेल त्यांनी आत्ताच हसून घ्या, मग मध्येच कुणी दात काढायचे नाहीत. आणि तो मोबाइल उलटा ठेव बरं. भुतांवर माझा विश्वास आहे की नाही, ते मलाच अजून ठरवता आलेलं नाही. पण मी जन्मभर सुतारकाम केलंय. माणूस थापा मारतो, माप थापा मारत नाही, एवढं मला ठाऊक आहे. आणि ही गोष्ट मापाची आहे.

संग्रहालयातल्या वस्तूंसाठी लाकडी खोकी करायचं काम माझ्याकडे होतं, तेव्हा तिथे एक क्युरेटर बाई होत्या. तळघरात साठ-सत्तर वर्षं पडून असलेली एकेक वस्तू बाहेर काढायची, पुसायची, जुन्या नोंदवहीशी ताडून बघायची, फोटो काढायचा, वजन करायचं आणि सगळं कॉम्प्युटरवर चढवायचं, हे त्यांचं काम. कामाला वाघ होत्या बाई. पण त्या दिवसांत त्यांचा जीव घरी टांगणीला लागलेला असायचा. मुलगी पाच महिन्यांची आणि वजन पाच किलोवर अडकलेलं. दोन महिने काटा हलला नव्हता. डॉक्टरांनी सांगून ठेवलं होतं, "शुक्रवारीही वाढलेलं दिसलं नाही, तर दाखल करावं लागेल."

तो गुरुवार होता. रात्रीचे नऊ वाजून वीस मिनिटं झाली होती. एकच वस्तू उरली होती, एक लाकडी पाळणा. खालून कमानदार पायांचा, जमिनीवर डुलणारा. सकाळी मी त्याचं खोकं घेऊन येणार, म्हणून बाई थांबल्या होत्या. नोंदवहीत लिहिलं होतं : "पाळणा. देणाऱ्याने नाव सांगितले नाही. वजन सात किलो चारशे ग्रॅम, रिकामा असताना."

बाईंना हसू आलं. शेजारी रखवालदारकाका उभे होते, त्यांना म्हणाल्या, "रिकामा असताना म्हणे! काका, पाळणा काय कुणी भरून मोजतं?"

काकांनी दुसऱ्या बाजूने हात लावला आणि दोघांनी तो वजनकाट्यावर ठेवला. "बाई, हा भरलेलाच दिसतोय. कंबर गेली माझी," असं कुरकुरत काका वरच्या मजल्यावर फेरी मारायला निघून गेले.

काट्यावर आकडा आला. दहा किलो पाचशे.

काटा बिघडला असेल, बाईंना वाटलं. पाळणा उतरवून त्यांनी तपासणीचं पाच किलोचं वजन ठेवलं. बरोबर पाच. पाळणा पुन्हा चढवला. पुन्हा दहा पाचशे. म्हणजे तीन किलो शंभर ग्रॅम जास्त. आता लाकूड ओल धरतं, मान्य. पण तीन किलो? मी सुतार आहे, मला विचारा. तेवढी ओल धरली असती तर फळ्या फुगून वाकड्या झाल्या असत्या.

बाईंनी आत बॅटरी मारली. काही नाही. मग हात घातला. तळाची फळी कोमट होती. हातमोज्यातूनही कळत होतं.

तेवढ्यात फोन वाजला. त्यांच्या आईचा.

"आजही सगळं दूध ओकली ग. नुसती कण्हतेय, रडायचंही त्राण नाही. तू ये बाई लवकर."

फोन ठेवला आणि बाईंचा बांध फुटला. समोर तो आकडा. डोळे पुसत त्या बोलून गेल्या, "तीन किलो इथे फुकट पडलेत... माझ्या पोरीला द्या ना."

वास्तू तथास्तु म्हणते, असं आपण उगाच म्हणत नाही. कुणाला बोलल्या, ते त्यांचं त्यांनाही ठाऊक नव्हतं.

पाळणा डुलला.

एकदाच. बाळाला उचलून घेतल्यावर डुलतो तसा.

आकडा उतरू लागला. दहा... नऊ... आठ...

सात किलो चारशे.

रिकामा असताना.

काकांना बोलवायला बाई जिन्याकडे वळल्या. फोन पुन्हा वाजला.

"अगं, कण्हायची थांबली! हसतेय. दाराकडे बघून हसतेय."

"दाराकडे...? कोण आलंय?"

"कुणी नाही ग. तेच तर..."

बाई धावत घरी पोचल्या. मुलगी झोपली होती. आई मांडी चोळत बसली होती. "केवढी जड लागली आज! वजन वाढलं बघ," ती आनंदाने म्हणाली. बाईंनी मुलीला उचललं. खरंच जड. पण दंड तसेच, काडीसारखे. झबलंही तेवढंच सैल. त्या रात्री त्यांनी दिवा मालवला नाही.

सकाळी दवाखान्यात नर्सने मुलीला काट्यावर ठेवलं. आठ किलो शंभर.

"अरे वा!" नर्स म्हणाली.

डॉक्टरांच्या कपाळाला आठी पडली. "एका रात्रीत? काटा बिघडलाय. उचला तिला."

बाईंनी मुलीला उचललं.

काटा शून्यावर आला नाही.

तीन किलो शंभर.

काटा रिकामा दिसत होता... बाईंच्या खांद्यावरून मुलीने मान वळवली. त्या रिकाम्या जागेकडे बघून हसली. हात पुढे केला.

आकडा उतरला. शून्य.

आणि बाईंच्या हातातली पोर जड झाली.

...

पाळणा मी त्याच सकाळी खोक्यात बंद केला. एका हाताने उचलला, इतका हलका. पण ते सोडा. पुढे महिन्याभराने बाईंनी मला हे सगळं सांगितलं आणि मुलीचं दवाखान्याचं कार्ड दाखवलं. त्या शुक्रवारच्या तारखेपुढे नर्सने दोन वजनं लिहिली आहेत. आधी मुलीचं, पाच किलो. शेजारी ते दुसरं, तीन किलो शंभर.

त्याखाली पुढच्या महिन्याची ओळ आहे. तिथेही दोन आकडे.

पहिला पाचच आहे.

दुसरा चार झालाय.