शंभरावा श्वास

कोणी विश्वास ठेवो न ठेवो, मला फरक पडत नाही. हे माझ्यासोबत घडलंय.

१९५२चा ऑक्टोबर. कोपनहेगनचं इस्पितळ. दुपारचे दोन. बाहेर लख्ख ऊन.

पोलिओची साथ होती. एकोणीस वर्षांच्या बोडिलच्या मेंदूचा देठच रोगाने गाठला होता. श्वासाचा ताल तिथेच ठरतो. तिचा ताल बंद पडला होता. म्हणून आम्ही मेडिकलचे विद्यार्थी पाळीपाळीने तिच्या गळ्यातल्या नळीला जोडलेली रबरी पिशवी दाबत बसायचो.

हात थांबला की बोडिल संपली.

माझ्या आधीची पाळी प्रेबेनची. तो दर शंभराव्या वेळी पिशवी सावकाश, खोल दाबायचा.

"फार लाड करतोस तिचे," मी चिडवायचो.

"अरे स्वेन्ड, आपणही मधूनच उसासा टाकतो की! देठ आपोआप टाकायला लावतो. तिचा बिघडलाय, तर तिच्या वाटणीचा मी देतो."

सोमवारी घरी जाताना प्रेबेनची सायकल ट्रामखाली आली. तो जागीच गेला.

त्याची पाळी मी मागून घेतली.

सिस्टर होल्म ओरडल्या, "सलग सोळा तास? मरशील!"

"मेलो तर मेलो. पिशवी सोडणार नाही."

बुधवारी, त्या लख्ख दुपारी... माझा डोळा लागला.

जाग आली तेव्हा हात मांडीवर होते. रिकामे.

घड्याळात अकरा मिनिटं उलटली होती. बोडिलकडे बघायचं धाडस होईना.

पण आवाज येत होता... फुस... फुस...

पिशवी एकटीच दबत होती. रबरावर अंगठ्याचा खळगा पडत होता, भरत होता. बोडिलचे गाल गुलाबी होते.

मग एक लांब... खोल श्वास.

उपकार मानायचं सुचलंच नाही. मी भडकलो. झडप घालून पिशवी धरली.

ती सुटेना... पलीकडून कोणीतरी घट्ट धरली होती.

"प्रेबेन, सोड!" मी ओरडलो. "तुझी पाळी संपली. आता ही पाळी माझी आहे!"

हळूहळू पकड सैल झाली.

नळीमुळे बोडिलला आवाज नव्हता. नुसते ओठ हलले.

"तो बरा दाबत होता."

नाताळपर्यंत ती स्वतःहून श्वास घेऊ लागली. दोन वर्षांनी आमचं लग्न झालं.

उसासा सगळ्यांनाच येतो. मी डॉक्टर आहे, मला शिकवू नका. पण तो असा मोजून येत नाही. बोडिल झोपली की मी मोजतो. अठ्ठ्याण्णव... नव्याण्णव... आणि बरोबर शंभरावा लांब.

त्यानंतर थोडा वेळ काहीच नाही.

तेव्हा मी तिचा हात धरतो आणि मोठ्याने बजावतो, "प्रेबेन, पाळी माझी आहे."

मग तिचा श्वास सुरू होतो.

परवा मात्र मला दोनदा सांगावं लागलं.