सरड्यासारखी

पद्मजाकाकू शिकवतात त्या अमेरिकेतल्या श्रूजबरीच्या शनिवारच्या मराठी शाळेत मी त्यांचं इडलीपात्र परत द्यायला गेले... आणि नेमका चुकीचा दरवाजा उघडला.

आत दिवे मालवलेले. समोर भिंतभर पडद्यावर एक डोंगर! मोझांबिकमधला. खाली चहाचे मळे, कोरडं माळरान, आणि मधोमध हा एकटाच – गडद हिरवा, माथ्यावर ढग टेकलेला. माझे पाय तिथेच थबकले.

"ये ना, बस," डोंगराशेजारचा मुलगा म्हणाला. हा ऋषी. जन्म इथलाच, सरड्यांवर पीएचडी, आणि मराठी आईकडून ऐकलं तेवढंच.

"या फॉरेस्टच्या सगळीकडे ड्राय लँड आहे," तो मुलांना सांगत होता. "आतले प्राणी बाहेर जाऊ शकत नाहीत. म्हणून हा सरडा फक्त इथे. नेक्स्ट डोंगरावर वेगळा!"

पडद्यावर बोटाच्या पेराएवढा, वाळक्या पानाच्या रंगाचा जीव. चुळबुळी पोरं गप्प झाली. मी उपग्रहांनी टिपलेली जमिनीची छायाचित्रं अभ्यासते. असे हिरवे ठिपके रोज बघते... पण त्यात कुणी राहत असेल, हे माझ्या कधी मनातही आलं नव्हतं. अंगावर काटा आला.

ऋषी दर शनिवारी मुलांना शिकवायला यायचा. मग दर शनिवारी मलाही शाळेत काहीतरी काम निघू लागलं.

"प्रीता, तेच पात्र किती वेळा नेशील आणि आणशील गं?" काकू हसायच्या.

ऋषी चार महिन्यांसाठी त्या डोंगरावर निघाला. आदल्या दिवशी पार्किंगमध्ये तो माझ्यासमोर उभा राहिला. कान लाल झालेले.

"प्रीता, तू ना... सरड्यासारखी आहेस."

"थँक्स!" मी गाडीचं दार उघडलं. डोळे भरून आले होते. तशीच निघून गेले असते, तर सगळं तिथेच संपलं असतं.

"वेट! काय झालं? मी प्रॅक्टिस केली होती!"

"अरे, मराठीत सरडा म्हणजे रंग बदलणारा माणूस. ज्याचा भरवसा नाही असा!"

तो पांढराफटक पडला. "नो, नो... रंग बदलतो, पण डोंगर नाही बदलत तो. लाखो वर्षं तिथेच आहे. पूर्ण जगात तसा दुसरा नाही." मग हळूच म्हणाला, "तुझ्यासारखी पण दुसरी नाही. मला एवढंच बोलायचं होतं."

मला हसूही आलं, रडूही आलं. इतकं सुंदर मला आजवर कुणी काही म्हटलं नव्हतं.

"मलाही तू आवडतोस, वेड्या. खूप." मी डोळे पुसले. "तिथे फोन लागतो का?"

"फक्त टॉपवर. तीन तास चढायचं. वर फुलपाखरं असतात, हंड्रेड्स... सगळे नर. गोल गोल फिरत वाट बघतात, माद्या येईपर्यंत."

"मग तूही चढ," मी म्हणाले. "रोज. मी फोन उचलीन."