तेलाचा ठिपका

“लिहून घ्या मामा, या काचेतून इकडचं माणूस तिकडं दिसणार न्हाई.” नांदेडच्या भीमाशंकरनं रेणापुरात सटवाजीरावांना छाती ठोकून सांगितलं होतं. काचेवर वाळूचा मारा करून ती धुरकट करायची, हा त्याचा धंदा. त्यांची बैठक आणि सैपाकघर यांच्या मधे त्यानंच ती बसवली. काम पसंत पडलं, म्हणून महिन्याभरानं सटवाजीरावांनी त्यालाच आपली पोरगी बघायला बोलावलं. पोरगी दीपाली, लातूरला शिकायला.

ठरल्या दिवशी मोठी माणसं नवा बोअर बघायला मागं गेली. बैठकीत एकट्या उरलेल्या भीमाशंकरला उजव्या मोज्यातून डोकावणारा अंगठा दिसला. काच होतीच आडोशाला. त्यानं दोन्ही मोजे काढले, उजवा डाव्या पायात घातला. भोक करंगळीवर गेलं. त्यानं समाधानानं पाय हलवून बघितला.

दीपाली भज्यांची ताटली घेऊन आली. कानामागं बट सारत हळूच म्हणाली, “करंगळीला... गार लागत असंल की.”

त्यानं अर्धं खाल्लेलं भजं ताटलीत ठेवलं. “तुम्हाला — कसं कळलं?”

“आत या.”

सैपाकघरात काचेच्या खरबरीत बाजूवर तळणाचे शिंतोडे उडाले होते. तिनं तेलाचं बोट आणखी एका जागी टेकवलं. तेवढी काच लख्ख झाली. पलीकडची त्याची खुर्ची, ताटली, अर्धं भजं — सगळं दिसलं.

“खड्ड्यांत तेल भरलं की उजेड विखरत न्हाई, सरळ पार जातो. धंदा तुमचाच हाय ना?”

“गुळगुळीत बाजू बैठकीत चमकंल म्हणून...” त्याची मान वर होईना. “लई लाज वाटून राहिली हो. उद्याच उलटी बसवून देतो.”

“राहू द्या. इथूनच दोन पोरं बघितली मी. एकानं उशीला नाक पुसलं. दुसरा मोबाइलमधे स्वतःलाच डोळा मारून राहिला होता. दोघांना तोंडावर सांगितलं, तर हसले.”

“मग... मी?”

“तुमचे कान बघा. कढईतनं काढल्यासारखे झालेत.” ती गालात हसली. “लाज असलेला बरा. बाबांना हाव, पसंत हाय म्हणून सांगते. मोजे तेवढे नवे घ्या.”

बैठकीत मोठ्यांचे आवाज आले, तशी ती बाहेर गेली. ती काय सांगते ते ऐकू येईना, म्हणून भीमाशंकरनं तेलाच्या ठिपक्याला डोळा लावला.

पलीकडून सटवाजीरावांनी आधीच लावला होता.