डावीकडचा खांब

भुताखेतांवर माझा विश्वास नव्हता. अजूनही नाही, असं मी स्वतःला बजावते. पण हे माझ्या सख्ख्या बहिणीसोबत घडलंय, आणि ताई थापा मारणाऱ्यांतली नाही.

ताई विकायला काढलेल्या घरांचे फोटो काढते. त्या दिवशी भाऊजींना सुट्टी होती, म्हणून दिव्यांची पिशवी उचलायला तेही गेले.

टळटळीत दुपार. वरच्या मजल्यावरची रिकामी खोली. भिंती नुकत्याच पांढऱ्या रंगवलेल्या, खिडकीला पडदा नाही. जरा बोललं तरी आवाज घुमत होता.

ताईनं पहिला फोटो काढला आणि सवयीनं कॅमेऱ्यावरचा हिस्टोग्राम बघितला. डोंगरासारखा छोटासा आलेख असतो तो. फोटोतला अंधार डावीकडे, उजेड उजवीकडे.

"फोटो सोडून डोंगर काय बघत बसतेस?" भाऊजींनी चिडवलं.

"अहो, स्क्रीन तोंडावर गोड बोलते. डोंगर खरं सांगतो."

पांढऱ्या खोलीचा डोंगर उजवीकडेच हवा. होताही.

पण डावीकडे, अगदी कडेला... एक बारीक खांब उभा होता.

म्हणजे फोटोत काहीतरी काळंकुट्ट होतं. उजेडाचा कणही न पोचलेलं.

फोटोत तर नुसत्या भिंती.

तिनं लेन्स पुसली. भाऊजींना खाली पाठवलं. स्टँडवरचा कॅमेरा जागचा न हलवता पुन्हा फोटो काढला.

खांब रुंद झाला होता.

आणखी एक काढला.

आणखी रुंद. एखादी वस्तू जवळ आली की फोटोत जास्त जागा खाते ना... तसा.

"अहो," तिनं हाक मारली.

आवाज घुमला नाही.

रिकाम्या खोलीत आवाज घुमतो. भरलेल्या खोलीत नाही...

कॅमेरा ओढून ती जी सुटली ती थेट अंगणात. स्टँड वरच राहिला.

"एवढ्यासाठी स्टँड टाकून आलीस?" भाऊजी हसले. ती नको नको म्हणेपर्यंत जिना चढूनही गेले.

वरून काहीच ऐकू येईना.

पावलं नाहीत. दार नाही.

"अहो..."



तिनं मन घट्ट करून पहिल्या पायरीवर पाय ठेवला, तेवढ्यात ते उतरले. खांद्यावर स्टँड. चेहरा हसरा.

"काही नाही गं वर. रिकामी खोली."

अंगणात ऊन रणरणत होतं. मनाची समजूत घालायला ताईनं त्यांचा एक फोटो काढला. फिका शर्ट, पिकलेले केस, मागे पांढरी भिंत. फोटो झकास आला.

पण आलेखात डावीकडे, कडेला... खांब.

त्यांना बाजूला करून तिनं नुसत्या भिंतीचा फोटो काढला.

खांब नव्हता.

भाऊजी ठणठणीत आहेत. जेवतात, झोपतात, तेच शिळे विनोद सांगतात. ताईनं त्यांना काही सांगितलेलं नाही. आणि त्यानंतर त्यांचा फोटोही काढलेला नाही.

"काढून बघ की," मी एकदा म्हणाले. "नसेलही आता."

"आणि रुंद झालेला असला तर?" ती म्हणाली. "मला रोज त्यांच्याच शेजारी झोपायचंय."

मागच्या आठवड्यात भाऊजी माझ्याकडे आले होते. "तुझ्या मोबाईलवर काढ की माझा एक छानसा," म्हणाले.

मी चार्जिंग संपल्याचं सांगितलं.