उजवीकडचे ठिपके

"डॉक्टरबाई, घर पेटवतायत आमचं! मुलं आत आहेत!"

फोनवर दोरिला होती. ग्रासिएलानं कॉफी तशीच टाकली आणि जीप काढली.

लास गार्सास हे समुद्रकाठचं गाव. वरची आळी टेकाडावर, खालची बंदरापाशी. वरच्या आळीतली मुलं एकामागून एक आजारी पडत होती. आधी पोटात कळा, मग झटके. रक्तात शिसं निघालं. दोन मुलं गेली. आरोग्य खात्यानं शोध घ्यायला डॉ. ग्रासिएला इन्त्रियागोला पाठवलं, पण गावाला शोधाची गरजच वाटत नव्हती. दोरिलाचा नवरा लाउतारो वरच्याच आळीत, घराला लागून, जुन्या बॅटऱ्यांचं शिसं वितळवायचा. पोलिसांनी त्याची भट्टी बंद करून त्याला कोठडीत घातलं होतं.

दोरिलाच्या दारात जमाव होता. पुढे रॉकेलचा डबा घेतलेला वरच्या आळीचा किराणावाला रोसेंदोशेठ. शेजारी नार्सिसा, रडून रडून डोळे सुजलेली. तिची चार वर्षांची माइते इस्पितळात झटक्यांनी तडफडत होती.

"आता आणखी काय पुरावा हवा?" शेठ गरजला. "तुमच्याच तपासणीत वरच्या आळीची सरासरी खालच्या आळीच्या दुप्पट आलीय!"

"आलीय," ग्रासिएला म्हणाली. "तरी अंधार पडेपर्यंत थांबा."

"कशाला?" नार्सिसा किंचाळली. "माझी पोर बरी झाली म्हणून घरी पाठवलीत. आठवडा नाही झाला तर पुन्हा झटके!"

ग्रासिएला चमकली. "भट्टी बंद होऊन किती दिवस झाले?"

"महिना होत आला."

"मग नवं शिसं आलं कुठून?"

"मातीत मुरलंय!" शेठनं लगेच उत्तर दिलं. पण लोक जरा थबकले. डबा खाली ठेवला गेला.

ग्रासिएला शाळेत शिरली. नार्सिसा आणि दोरिला मागोमाग आल्या, एकमेकींकडे न बघता. ग्रासिएलानं फळ्यावर दोन आडव्या रेघा ओढल्या. वरची रेघ वरच्या आळीची, खालची खालच्या आळीची. डावीकडे कमी शिसं, उजवीकडे जास्त. एका मुलाचा एक ठिपका. सारखाच आकडा आला की ठिपक्यावर ठिपका.  त्या सरासरीवर तिनंही विश्वास ठेवला होता, आणि तेवढ्यात माइते पुन्हा इस्पितळात गेली होती.

शेवटचा ठिपका काढून ती मागे सरली.

वरच्या रेघेवर एक ढीग नव्हता, दोन होते. एक डावीकडे, खालच्या आळीसारखाच. दुसरा पार उजवीकडे. मधे मोकळी जागा. खालच्या आळीचे ठिपके डावीकडे दाटले होते. फक्त तीन लांब उजवीकडे पडले होते.

"दोरिला, तुझी मुलं भट्टीला लागूनच राहतात. त्यांचे ठिपके डावीकडे कसे?"

"मला काय ठाऊक, बाई! ती ठणठणीत आहेत, हाच तर आमचा गुन्हा झालाय."

"नार्सिसा, हे खालचे तिघे कोण?"

ग्रासिएलानं यादीतून वाचलेली नावं नार्सिसानं ऐकली. "माझ्या बहिणीची पोरं."

"ती तुझ्याकडे येतात?"

"नाही. मीच काहीबाही पाठवते. अचिओतेच्या बियांची लाल पूड वगैरे. भात लालभडक होतो ना, पोरं आवडीनं खातात."

"कुठून घेतेस?"

"शेठकडून. आणखी कुठून?"

"तू गं, दोरिला?"

"आम्हाला तो दुकानाची पायरी चढू देत नाही. धुरानं माल काळा पडतो म्हणे. मी बाजारातून अख्खं बी आणते."

ग्रासिएला तडक दुकानात गेली. शेठच्या सुनेनं पूड बांधून दिली. मागच्या चुलीवर तिचा स्वतःचा स्वयंपाक चालला होता. तेलात अख्ख्या बिया तडतडत होत्या.

सूर्य टेकला तेव्हा शाळेच्या पटांगणात सारा गाव होता. ग्रासिएलानं फळा बाहेर आणवला. चुलीवर तेलाच्या दोन कढया ठेवल्या.

"धूर घरं निवडत नाही," ती म्हणाली. "भट्टीनं विष पसरवलं असतं, तर वरच्या आळीचा सगळा ढीग उजवीकडे सरकला असता आणि लाउतारोची मुलं सगळ्यात पुढे असती. मातीत मुरलं असतं तरी तेच. पण इथे निम्मी मुलं धडधाकट आहेत आणि निम्मी मरणाच्या दारात. सरासरीनं दोघांना एकत्र घोळलं आणि आपण फसलो. उजवीकडच्या प्रत्येक ठिपक्याच्या घरी जाऊन मी विचारलं. सगळ्यांच्या घरात एकाच दुकानाची पूड. इस्पितळात ती मिळत नाही, म्हणून माइते तिथे सुधारली. घरी आली आणि पुन्हा तोच भात खाल्ला."

"खोटं आहे!" शेठ ओरडला.

ग्रासिएलानं एका कढईत दोरिलाकडचं अख्खं बी टाकलं, दुसरीत दुकानातली पूड. दोन्ही तेलं लाल झाली. तिनं तेल ओतून दिलं. पहिल्या कढईत करड्या बिया उरल्या. दुसरीच्या तळाशी भडक लाल गाळ, ओल्या वाळूसारखा जड.

"अचिओतेचा रंग तेलात उतरतो. हा उतरला नाही. हा शिशाचा शेंदूर आहे, बोटींच्या रंगात घालतात तो. स्वस्त आणि वजनाला जड."

"शेंदूर-बिंदूर काही नाही! चोख पूड आहे ती!"

तिनं त्या गाळात भात कालवला, ताटली घेतली आणि गर्दीत पुढेच बसलेल्या शेठच्या लहानग्या नातीपुढे बसली.

"मग हिला भरवू एक घास?"

शेठनं झडप घालून ताटली उडवली. भात धुळीत सांडला.

सगळ्या गावानं ते पाहिलं.

"तुमच्या नातीचा ठिपकाही डावीकडेच आहे, शेठ," ग्रासिएला उठत म्हणाली. "तुमच्या चुलीवर अख्खं बी असतं. अर्ध्या आळीला पूड विकलीत, घरात मात्र चिमूटभर शिरू दिली नाहीत. आणि रॉकेल घेऊन पुढे तुम्हीच होतात."

पोलिसांनीच शेठला घेरून नेलं, नाहीतर लोकांनी त्याला तिथेच फाडलं असतं. लाउतारो सुटून आला तेव्हा त्याच्या नजरेला नजर द्यायला कुणी धजेना.

नार्सिसा फळ्यासमोर बसून होती. "डॉक्टरबाई, ती जेवत नाही म्हणून मी जास्तच रंग घालायचे. माझ्या हातानं."

 ग्रासिएला तिच्याशेजारी जमिनीवर बसली.

आठवड्यानं माइतेनं डोळे उघडले, आईला ओळखलं. नार्सिसानं पांढऱ्या भाताचा चमचा पुढे केला आणि पोरीनं तोंड घट्ट मिटलं. मग नार्सिसानं तो घास आधी स्वतः खाल्ला, सावकाश चावून, तिला दिसेल असा. दुसऱ्या चमच्याला माइतेनं तोंड उघडलं.