सात वर्षांचे कोरे टायर

लायलची आणि माझी पहिली भेट झाली तेव्हा तो माझ्या घराखाली होता.

मी पंपावरून कॉफीचा कागदी पेला घेऊन बाहेर आले, तर माझ्या ट्रेलरखालून, म्हणजे गाडीमागे ओढायच्या माझ्या चाकांवरच्या घराखालून, दोन बूट बाहेर आलेले. बुटांत पाय होते. वायोमिंगच्या वाऱ्यात काहीही कुठेही येऊन अडकतं. एकदा माझ्या दाराला कुणाची तरी अख्खी पोहण्याची टाकी येऊन चिकटली होती. पण माणूस पहिल्यांदाच.

"वाऱ्याने आलात का?" मी विचारलं.

"नाही, चालत," बूट म्हणाले. "तुमचा टायर कडेला फुगलाय. म्हटलं, जन्म कधीचा ते बघावं."

"कोणाचा जन्म?"

"टायरचा."

तो सरकत बाहेर आला. केसांत धूळ, एका कानाला ग्रीस, खिशावर नाव शिवलेलं – लायल. डोळ्यांबद्दल नंतर सांगते, कारण तेव्हा मला राग आला होता आणि रागात मी कुणाचे डोळे नीट बघत नाही.

"हे टायर कोरे आहेत," मी म्हणाले. "मागच्या वर्षी टेक्ससमध्ये घेतलेत. रबराचे केससुद्धा तसेच आहेत, बघा!"

"केस आहेत," तो गंभीरपणे म्हणाला. "पण वय सात वर्षं. ज्याने विकले त्याने तारखेची बाजू मुद्दाम आतल्या अंगाला ठेवून बसवलेत. ट्रेलरचा टायर झिजून मरत नाही, मॅडम. उन्हात उभा राहून म्हातारा होतो… आणि मग साठच्या वेगात फुटतो. फुटताना घराची जमीनही उचकटतो. तिथे वर काय आहे तुमचं?"

"पलंग."

  त्याचा ग्रीस नसलेला कान लाल झाला.

"मग टाका दुसरे," मी घाईने म्हणाले. "कुठलेही. गाडीचे टाका. गोलच असतात की."

"गाडीचे नाही चालत. गाडीचा टायर मऊ असतो, वळायला. ट्रेलरचा बिचारा नुसता ओझं घेऊन मागून फरपटतो, त्याच्या कडा ताठ लागतात. डेन्व्हरहून मागवावे लागतील. ट्रक मंगळवारी आणि शुक्रवारी येतो."

तेव्हा शनिवार होता, चौदा सप्टेंबर. तीस तारखेला मला मिनेसोटात बिटाच्या काढणीवर हजर व्हायचं होतं. दोन दिवसांचा रस्ता. हजर नाही झालं तर ते तुमची जागा दुसऱ्याला देतात आणि पुढच्या वर्षी फोनही उचलत नाहीत. त्या कामावर माझा सगळा हिवाळा चालतो.

शिवाय मला थांबता येत नाही. गावाबाहेरच्या सरकारी माळावर चौदा दिवस फुकट मुक्काम करता येतो, मग हलावंच लागतं. बाकीचे ट्रेलरवाले या नियमाला शिव्या घालतात. मला तो नियम माझ्यासाठीच केल्यासारखा वाटतो. तेराव्या दिवशी माझे पाय आपोआप हलायला लागतात. एकदा मी खुर्चीसकट दोन फूट पुढे गेले होते.

"माल भरून वजन किती?" लायलने वही काढली.

"कोणाचं?"

"ट्रेलरचं!" आता दुसरा कानही लाल.

फुगलेलं चाक काढून त्याने, तो काम करायचा त्या पंपाशेजारच्या टायरच्या दुकानातलं एक तात्पुरतं बसवलं आणि माळावर जाताना आम्ही गुरांच्या बाजारातल्या वजनकाट्यावर थांबलो. आधी डावी चाकं, मग उजवी. आमच्यामागे एक बैल रांगेत होता. तो आमच्यापेक्षा शांत होता.

"डावीकडे दीडशे पौंड जास्त भरतात," लायल म्हणाला. "काय आहे तिथे?"

"ऐरण."

"…पलंगाखाली?"

"जुन्या मित्राची आहे. सोडून गेला तेव्हा विसरला."

"लोहार होता?"

"दंतवैद्य."

त्याने वहीत लिहिलं. मी वाकून पाहिलं – 'ऐरण, दंतवैद्य, डावीकडे.'

"परत का नाही दिलीत?"

"मला उचलत नाही. चार वर्षं झाली, तिला देश दाखवतेय."

तो हसला आणि तेव्हा मला डोळे दिसले. करडे होते. हसताना उजवा आधी मिटायचा, डावा जरा मागून… जणू त्याला कुणी उशिरा कळवलं असावं. त्या डाव्या डोळ्याची वाट बघण्यात मी काट्यावरून गाडी हलवायचीच विसरले, मागे बैल खोळंबला.

ऐरण त्याने एकट्याने उचलली आणि दुकानात नेली. दुकान त्याच्या आत्याचं, बर्निसआत्याचं. तिने ती दाराला लावून ठेवली, कारण वाऱ्याने दार दिवसातून चाळीस वेळा आपटायचं. "या गावात पहिल्यांदाच कुणीतरी उपयोगी वस्तू सोडून गेलं," ती मला म्हणाली. "बाकी सगळे फक्त धूळ सोडून जातात."

शुक्रवारी पहिले चार टायर आले. काळे, चकचकीत. निघायचं म्हणून मी ट्रेलरच्या पायऱ्यासुद्धा आत घेऊन ठेवल्या होत्या. लायलने एकेक टायर फिरवला, बोटाने कडेवरचे आकडे वाचले – बनवल्याचा आठवडा आणि वर्ष – आणि मान हलवली. "दोन वर्षांपूर्वीचे आहेत. गोदामात पडून होते. परत."

"लायल! दोन वर्षं म्हणजे तान्हे!"

"तुझ्या पलंगाखाली बसणार आहेत ते," तो म्हणाला. "मी सांगतो ते ऐक."

'मॅडम' कधी गळून पडलं ते मला कळलं नाही. बहुतेक वाऱ्याने नेलं असावं.

त्या दिवसांत तो रोज संध्याकाळी माळावर यायचा. कारण दरवेळी वेगळं. ट्रेलर पातळीत आहे का बघायचंय. टायरवर उन्हाचं कापड बांधायचंय. एकदा तर म्हणाला, "वारा मोजायचाय." हातात मात्र डबा – राजमा-खिम्याचा तिखट रस्सा आणि दालचिनीचा गोड रोल. इथे शाळेपासून हे दोन्ही एकत्रच खातात. रोल रश्शात बुडवायचा. मी पहिल्या दिवशी त्याच्याकडे संशयाने पाहिलं, तिसऱ्या दिवशी बोटं चाटली.

वाऱ्याने ट्रेलर सतत डुलायचा. आम्ही पायरीवर बसायचो, गुडघ्याला गुडघा लागायचा, मग दोघंही 'वाऱ्याने झालं' असा चेहरा करायचो. दूर हरणं उभी राहून आमच्याकडे बघायची. त्यांना दुसरं काम नव्हतं.

"थांबलीस तर काय होतं?" त्याने विचारलं.

"माहीत नाही. थांबून कधी बघितलं नाही." माझा पाय हलत होता. मी तो हाताने दाबून धरला. "तू कधी इथून गेलास?"

"डेन्व्हरपर्यंत. टायर आणायला."

"आणि?"

"टायर आणले."

मंगळवारी दुसरे चार आले. लायलने आकडे वाचले. सात-आठ आठवड्यांचे, म्हणजे जवळजवळ अजून रडतच होते. ओझं पेलायची ताकद हवी त्याहून एक पायरी वरची, कडा ताठ, एकही भेग नाही. "हे," तो हळूच म्हणाला, "हे चांगले आहेत, ओडेसा."

माझं नाव त्याने पहिल्यांदाच घेतलं. हे टायर बसले की मी आजच निघू शकत होते. दहा दिवस मला तेच तर हवं होतं. मी गुडघ्यावर बसले आणि स्वतः आकडे वाचायला लागले.

"चालणार नाहीत," मी म्हणाले.

"का?"

"तीन एकतिसाव्या आठवड्यातले आहेत, एक बत्तिसाव्यातला."

लायलचं बोट आकड्यावरच थांबलं. ऐरण होती म्हणून दारही आपटलं नाही.

"पोरी," बर्निसआत्या काउंटरमागून म्हणाली, "टायर निवडतेयस की जावई?"

"भरवशाची गोष्ट आहे, आत्या! त्या एका आठवड्यात कारखान्यात काय झालं असेल, कुणाला माहीत? रबर ढवळणाऱ्याचं लक्ष नसेल. प्रेमात पडला असेल."

लायल माझ्याकडे बराच वेळ बघत राहिला. उजवा डोळा मिटला नाही, डावाही नाही.

"बरोबर आहे," तो म्हणाला. "एक आठवडा म्हणजे फार झाला. परत पाठवतो."

तीन दिवस मिळाले. त्यातले दोन मी ते कसे घालवावेत याची काळजी करण्यात घालवले. लायल संध्याकाळी आला, पण कारण सांगितलं नाही.  मला 'थांब म्हण' असं म्हणायचं होतं, आणि तो 'थांब' म्हणाला असता तर मी घाबरून रात्रीच्या आत त्याच जुन्या टायरांवर पळाले असते. हे दोन्ही एकाच माणसाला एकाच वेळी वाटू शकतं. मी त्याचा पुरावा आहे.

शुक्रवारी सकाळी तो म्हणाला, "टायर आले."

माझा चौदावा दिवस होता. मी या वेळी आकडे वाचले नाहीत. खिडकीबाहेर बघत राहिले. मागे, नट पुरेसा आवळला की वाजणाऱ्या पान्याचा 'टक्' असा आवाज येत होता, एकेका नटाला एकेक. टक्… टक्… प्रत्येक टक् जणू माझ्याच कुठेतरी बसत होता.

"हवा सकाळी, चाकं गार असताना बघायची," तो पाठ केल्यासारखं बोलत होता. "टायरवर लिहिलीय तेवढी, पूर्ण. पासष्टच्या वर जायचं नाही. आणि नवीन चाकं बसवली की पन्नास मैलांवर नट परत आवळायचे. शंभरावर पुन्हा एकदा. बसता बसता सैल होतात."

"माझ्याकडे असला पाना नाही."

"माझ्याकडे आहे," तो म्हणाला. "मी येतो मागून. पन्नास मैल."

बर्निसआत्याने मला घट्ट मिठी मारली आणि कानात म्हणाली, "सावकाश चालव. त्याला सवय नाही."

पन्नास मैलांवर रस्त्याकडेला आम्ही थांबलो. झुडपांचा कडू, ओला वास होता, कुठेतरी गारा पडून गेल्या असाव्यात. तो एकेक नट तपासत होता. मला त्याच्या पाठीकडे बघवेना, म्हणून मी टायरकडे बघितलं. त्याने तारखेची बाजू बाहेर ठेवली होती. एकतीस. एकतीस. पलीकडे गेले. एकतीस. आणि…

"लायल, हा बत्तिसाव्या आठवड्यातला आहे."

टक् थांबला.

"हो."

"म्हणजे मंगळवारचेच."

"हो."

"परत नव्हते पाठवलेस!"

"मागच्या खोलीत ठेवले होते." तो चाकाशी बोलत होता. "आत्या तीन दिवस त्यांच्यावर बसून जेवली. मला वाटलं… तुला अजून तीन दिवस हवे असतील. मला तर हवेच होते."

मी त्या बत्तिसाव्या आठवड्यातल्या टायरवर हात ठेवला. 

"पुढे शंभरावर बघू," तो म्हणाला आणि आपल्या गाडीत जाऊन बसला.

ते पन्नास मैल मी कसे चालवले, ते रस्त्यालाच ठाऊक. शंभरावर त्याने सगळे नट तपासले. एकही हलला नव्हता.

"झालं," तो म्हणाला.

"झालं," मी म्हणाले.

वारा इतका होता की माझे केस त्याच्या तोंडावर जात होते. त्याने ते बाजूला केले नाहीत. पाना हातात धरून तो तसाच उभा होता.

"दोनशेवर परत बघायला लागतील," तो म्हणाला.

"कुठे लिहिलंय?"

"कुठेच नाही."

"लायल…"

"मी थांब म्हणणार नाही," तो एका दमात बोलला. "तू थांबलीस तर तू तू राहणारच नाहीस, मला दिसतं ते. तू जा. बिटाच्या काढणीला माणसं कमी पडतात म्हणालीस. आत्याने सकाळी माझी पिशवी गाडीत टाकली. मी नको म्हणत होतो. मग मीच आणखी एक टाकली."

"बारा तास उभं राहायचं असतं. चिखलात. थंडीत. तिथे जेवायला रश्शाबरोबर रोल मिळत नाही."

"मी करतो रोल."

"आणि काढणी संपल्यावर? चौदा दिवसांनी मी हलले तर?"

"मग हलू."

इतकं साधं उत्तर मला कुणी दिलं नव्हतं. मी चार वर्षं दर चौदा दिवसांनी कुणापासून तरी निघाले होते, आणि कुणाबरोबर तरी निघता येतं हे मला कुणी सांगितलंच नव्हतं. मी त्याची कॉलर धरली, टाचा उचलल्या आणि त्याच्या धुळकट ओठांवर ओठ टेकले. पाना खाली पडला. एक मालट्रक भोंगा वाजवत गेला आणि त्याच्या झपाट्याने आम्ही दोघं अर्धा फूट सरकलो, पण एकाच दिशेने.

मग मी माझ्या गाडीत बसले आणि तो त्याच्या. पुढचे शंभर मैल मी जवळजवळ सगळा वेळ आरशात बघत चालवले. गाडी अशी चालवू नये. पण आरसा त्याच्यानेच भरला होता, आणि माझे पाय, चौदावा दिवस असूनही, अजिबात हलत नव्हते.