वच्छलाबाईच्या गोळ्या

बीडला जाऊन गोळ्या आणायच्या, एवढंच काम होतं. आश्रुबा सकाळच्या एसटीत खिडकीपाशी बसला. आईच्या आजारपणात हा रस्ता इतका पायाखालचा झाला होता की कंडक्टरही ओळखीचा झालेला.

"कशी हाय म्हातारी?" त्यानं तिकीट देता देता विचारलं.

आश्रुबानं तिकीट खिशात घातलं. म्हातारीचा दहावासुद्धा होऊन गेला होता.

आईच्या, वच्छलाबाईच्या, गालात कॅन्सर झाला आणि बघता बघता जबड्यात उतरला. बीडच्या दवाखान्यात ऑपरेशनला भूल देणाऱ्या डॉक्टरीणबाई होत्या, त्याच असल्या दुखण्यावरही औषध द्यायच्या. त्यांनी मॉर्फिनच्या गोळ्या दिल्या आणि बजावून सांगितलं, "दुखायची वाट बघू नका. घड्याळ बघून देत जा."

पण आश्रुबा पडला राखून ठेवणारा. घरात बियाणं राखायचं, कडबा राखायचा, तशा त्यानं गोळ्याही डब्यात राखल्या. आत्ताच सगळ्या दिल्या तर खरं दुखंल तेव्हा काय देणार? आई बाजेवर तळमळायची. "आशरू… एक दे रे…"

"जरा कळ काढ, आई."

हेच ऐकत ती बिचारी गेली. खरं दुखणं अजून यायचंय, असं त्या शहाण्याला शेवटपर्यंत वाटत होतं. डब्यातल्या गोळ्या तशाच राहिल्या.

दहाव्याला पिंडाला कावळा शिवेना. ऊन चढलं. नातवंडांचं सगळं नीट करू म्हणून भावकीनं शब्द दिला, आवडीचं धपाटं ठेवून झालं. कावळे लिंबावर बसून नुसते बघत होते. शेवटी आश्रुबाची बायको बबिता त्याच्याजवळ येऊन पुटपुटली, "ती गोळी ठिवून बघा…"

त्यानं घरून डबा आणला. भातावर गोळी ठेवली आणि तो मागं सरला. एक कावळा उतरला. भाताला चोचही न लावता त्यानं गोळी तेवढी उचलली आणि तो उडून गेला. "शिवला, शिवला," म्हणत लोक उठले. आश्रुबानं मात्र डब्याचं झाकण घट्ट लावलं.

त्याच दिवशी दिवेलागणीला रिकाम्या बाजेवरून कण्हणं ऐकू आलं. पाठोपाठ जखमेचा तो ओळखीचा वास घरभर पसरला. बबितानं तोंडाला पदर लावला.

"द्या की ओ… कावून थांबलाव?"

त्यानं वाटीत गोळी ठेवली, वाटी उशाला सरकवली आणि डोळे मिटून घेतले. कण्हणं हळूहळू थांबलं. वाटीत गोळी नव्हती.

मग घड्याळ बघून देणं सुरू झालं. जित्या आईला जे दिलं नाही, ते तो मेलेल्या आईला वेळच्या वेळी देऊ लागला. डबा रिकामा झाला आणि कण्हणं थांबायचं नाव घेईना. म्हणून आज बीड.

डॉक्टरीणबाईंनी सगळं शांतपणे ऐकून घेतलं. "गेलेल्या माणसासाठी ही गोळी देता येत नाही, आश्रुबा. आणि त्यांना आता दुखत नाही."

"दुखतंय, मॅडम… लई दुखतंय."

"तुम्ही घरी जा. थोडी झोप घ्या."

त्याला रडू फुटलं. आईला आता कोण गोळी देणार, या विचारानं तो खुर्चीतच खचला. तेवढ्यात नव्यानंच आलेल्या सिस्टर दारातून डोकावल्या.

"मॅडम, यांच्यासोबतच्या आजींना आधी आत घेऊ का? बाहेर बाकावर फार कण्हतायत. म्हणतात, पोरगं गोळ्या आणायला गेलंय, तवर कळ काढते."

डॉक्टरीणबाईंच्या हातातला पेन तसाच राहिला. आश्रुबा धडपडत बाहेर आला.

बाक रिकामा होता. बसायच्या जागी भाताची ओली शितं पडली होती.